तीन अक्षरं जास्त

मॅग्नस रेनी दगडावर अक्षरं कोरतो
आणि अक्षरामागे पैसे घेतो. स्वल्पविराम फुकट.
बंदराच्या भिंतीवर लावायची करडी पाटी
त्याच्या शेडमध्ये आडवी पडलीय,
पाच नावं पेन्सिलीनं आखून झालीत
आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द, लॉस्ट.
कमिटीनं तसंच लिहून दिलंय, शिक्क्यानिशी.

एल्स्पेथ मेअर आली ती गमबुटांतच,
मासळीच्या लिलावातून थेट, बोटं बर्फानं लाल.
तिसऱ्या नावापुढे बोट टेकवून म्हणाली,
हे खोड.

मॅग्नस म्हणाला, अगं, समुद्रात गेलेल्यांना हाच शब्द लागतो.
माझ्या आजोबांना हाच आहे,
त्यांच्या भावालाही.

लॉस्ट हातमोजा असतो, ती म्हणाली.
लॉस्ट छत्री असते, ॲबर्डीनच्या बसमध्ये राहिलेली.
कुणाचा तरी धांदरटपणा असतो त्या शब्दात.
मी अँगसला कुठं विसरून आले नाही.
एकतीस वर्षं नीट सांभाळला होता,
त्याच्या स्वेटरच्या कोपरांना विचार.
मिसिंग लिही.

मॅग्नसनं पट्टी खाली ठेवली.
एकोणीस वर्षं झाली होती.
मिसिंग हा पोलिसांचा शब्द,
त्यात कुणीतरी अजून बॅटरी घेऊन किनारा धुंडाळत असतं.
कोर्टानं तर केव्हाच कागद दिला होता, मेला म्हणून,
आणि त्या कागदावर हिचीच सही होती.
हे सगळं तो बोलला नाही.
नुसता छिन्नीची धार अंगठ्यावर पाहत राहिला.

येणार नाही तो, तीच म्हणाली.
भरती-ओहोटीचा तक्ता तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ आहे.
पण लॉस्ट म्हटलं की निकाल लागतो,
शनिवारच्या मॅचसारखा, दोन-शून्य, चला घरी.
मिस मात्र मी करते त्याला.
अजून करते.
चहा ओतताना सगळ्यात जास्त.

इथं मला थांबावं लागतं.
ज्या भाषेत मी हे सांगतेय
तिच्यात हरला आणि हरवला यांच्यामध्ये
एक व तेवढा उभा आहे, तिच्या लॉस्टमध्ये तोही नाही.
आणि मिसिंगला मी काय म्हणू?
बेपत्ता म्हटलं तर माणूस चौकीच्या फळ्यावर जातो.
आठवण येते म्हटलं तर ती येते,
आपली आपण, पाहुणीसारखी, बसते, जाते.
एल्स्पेथ म्हणाली, करते.
जसं दार रंगवतात, जाळी शिवतात, तसं.
ते क्रियापद माझ्या हातात येत नाही.

मॅग्नसनं रबरानं चार अक्षरं पुसली.
सात बसवायला गेला तर जागा कमी पडली.
शेवटचा जी कडेला घासेल, म्हणाला.
घासू दे.
बाकीच्या ओळींशी जुळणार नाही.
नको जुळू दे.
तिनं पाकीट काढलं, तीन जास्तीच्या अक्षरांचे पैसे मोजले.
एस दोनदा येतोय, मॅग्नस म्हणाला, एकाचेच घेतो.
दोन्हीचे घे.
त्याच्या नावापुढे मला फुकटचं काही नकोय.

पाटी लागली त्या दिवशी वारा उत्तरेचा होता.
बंदर-अधिकाऱ्यानं टोपी काखेत धरून नावं वाचली,
लॉस्ट, लॉस्ट,
मग अडखळला,
चष्मा वर करून जवळ गेला,
कडेशी दाटीवाटीनं उभ्या अक्षरांवरून बोट फिरवलं,
कमिटीच्या लोकांकडे पाहिलं.
ते आपापले बूट पाहत होते.
त्यानं तो शब्द वाचला, पण जरा हळू,
आणि पुढच्या लॉस्टला पुन्हा थांबला,
जणू आता तोही तपासून घ्यायला हवा.

तोवर लिलावाची घंटा झाली होती.
एल्स्पेथ केव्हाच खाली गेली होती,
हॅडकच्या पेट्या मोजत.